सव्वादोन ते तीन

१

डॉक्टर गुरुदत्त सबनीस झोपेत गेले, असं पहिले दहा दिवस सगळेच धरून चालले होते. वय एकोणऐंशी, फुफ्फुसं निकामी होत आलेली, नाकाला चोवीस तास ऑक्सिजनची नळी. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी मुलगा ऋषी पिस्कॅटवेच्या घरी आला, तेव्हा वडील खुर्चीत मान टाकून बसलेले होते. मशीन चालू होतं, नळी नाकाला होती. पोलिसांनी दोन कागद भरले. आयसेलिनच्या देवळात प्रार्थनासभा झाली. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, सुटला.

अकराव्या दिवशी ऑक्सिजन कंपनीचा माणूस मशीन परत न्यायला आला. अशा मशीनला गाडीसारखा एक आकडा असतो, ते एकूण किती तास चाललं हे दाखवणारा. त्या माणसाने आकडा वहीत उतरवला आणि सहज म्हणाला, "अधूनमधून बंद ठेवत होता का?"

डॉक्टरांची मुलगी चारुता शेजारी उभी होती. ॲन आर्बरच्या विद्यापीठात ती संख्याशास्त्र शिकवते. आकड्यावरून नजर काढणं तिला जमलं नाही. डॉक्टर गेले त्या रात्री मशीन बंद केलं, तोवर ते घरात साठ दिवस होतं. साठ दिवसांचे तास होतात चौदाशे चाळीस. मशीनवर होते तेराशे त्र्याण्णव.

सत्तेचाळीस तास कमी. ज्याच्यावर माणसाचा श्वास चालतो ते यंत्र कोणीतरी सत्तेचाळीस तास बंद ठेवलं होतं.

दिवसभर घरात असायची ती एकच बाई. देखभाल करणारी प्रीता. चारुताने त्याच दुपारी तिच्या एजन्सीला फोन केला, आणि संध्याकाळपर्यंत प्रीताचं काम थांबलं.

२

"मला एवढंच सांगा काकू, तिने मशीन कधी कधी बंद केलं," चारुता म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॅपटॉप घेऊन शोभना टिपणिसांच्या स्वयंपाकघरात बसली होती. "पोलिसांकडे जायचंय. नुसत्या एका आकड्यावर ते उभंही करणार नाहीत."

शोभनाताई वीज कंपनीतून निवृत्त झालेल्या. कुठल्या घरात कुठली वस्तू किती वीज खाते याचा अभ्यास करण्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली. आता महिन्यातून एकदा त्या वाचनालयाच्या हॉलमध्ये वयस्क मंडळींना हिशेब शिकवत. वस्तूवर छापलेले वॅट घ्या, तासांनी गुणा, हजाराने भागा, झाले युनिट. मग दराने गुणा. फ्रिजला एवढं, हीटरला एवढं. मंडळी वह्या घेऊन येत.

डॉक्टर सबनीसही डिसेंबरात आले होते. पाठीवर छोटा सिलिंडर, हातात काठी. तास संपल्यावर जवळ येऊन त्यांनी विचारलं होतं, "साडेतीनशे वॅटचं यंत्र. चोवीस तास. महिन्याला किती?"

"पन्नास डॉलर धरा, डॉक्टर."

"आणि मधे थोडं बंद ठेवलं तर?"

शोभनाताईंनी त्यांना हसून सांगितलं होतं, "तेवढी वीज वाचेल की!"

आता चारुतासमोर बसल्या बसल्या ते स्वतःचं हसणं त्यांना ऐकू आलं, आणि हातातला चहा खाली ठेवावा लागला. मशीन बंद करणारा हात त्यांचाच नव्हता कशावरून? त्यांनीच सांगितलेला हिशेब एका काटकसरी म्हाताऱ्याने मनावर घेतला असला तर?

"दाखव," त्या म्हणाल्या.

नव्या मीटरमुळे घरात दर पंधरा मिनिटांना किती वीज गेली ते कंपनीच्या साइटवर दिसतं. पडद्यावर सबनीसांच्या घराची रेघ उमटली. शोभनाताईंना ती नाडीसारखी वाचता यायची. हा फ्रिज, दर तासाला थोडा धापा टाकणारा. हा घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा पंखा. ही सकाळची मायक्रोवेव्हची उचकी. आणि या सगळ्यांच्या तळाशी रात्रंदिवस न हलणारी एक पायरी, ते ऑक्सिजनचं मशीन.

दुपारी ती पायरी खचली होती. सव्वादोनला खाली, तीनला पुन्हा वर. आदल्या दिवशीही. त्याच्या आदल्या दिवशीही. साठही दिवस, सव्वादोन ते तीन.

"रोज पाऊण तास," चारुताचा आवाज चिरका झाला. "ती चार वाजेपर्यंत घरात असायची."

"शेवटचा दिवस काढ."

शेवटच्या गुरुवारी पायरी सव्वादोनला खचली ती तीनला वर आलीच नाही. साडेपाचला आली. आणि त्याच्या आधी, सव्वापाचपासून, रेघ ताडासारखी उंच उठली होती.

"हे ॲम्ब्युलन्स आली तेव्हाचं असेल," चारुता म्हणाली. "सगळे दिवे लावले असतील."

दर पंधरा मिनिटांना पावणेदोन युनिट. घरातले सगळे दिवे लावले तरी त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी वीज जात नाही. त्यांना त्याहून वाईट गोष्ट दिसली होती. चारुता म्हणते ऋषी घरी आला सहाला. मग साडेपाचला, मेलेल्या माणसासाठी, मशीन कोणी चालू केलं?

३

प्रीता एडिसनला बहिणीकडे राहायची. नागपूरची, पन्नाशीची, अंगाने भक्कम. दार उघडल्यावर तिने आधी शोभनाताईंच्या मागे कोणी पोलीस आहे का ते पाहिलं.

"मी बटनाला हात लावला नाही, मावशी. माझ्या हातून तीन म्हातारे सुखाने गेले. विचारा कोणालाही."

"दुपारी सव्वादोनला काय व्हायचं?"

"साहेब दार लावून घ्यायचे. 'तीनपर्यंत वर यायचं नाही,' म्हणायचे. मी खाली भांडी, कपडे करायची."

"आणि तू कधीच वर गेली नाहीस? पेशंट असा असताना?"

बहिणीने आणलेलं पाणी तिने शोभनाताईंच्या पुढे सरकवलं, स्वतः प्यायली नाही.

"एकदा गेली होती," ती शेवटी म्हणाली. "दुसऱ्याच आठवड्यात. जिन्यात अर्ध्यावर पोहोचली आणि आतून बाईचा आवाज आला. मराठी बोलत होती. हळू, घरातल्यासारखं. टीव्ही नाही मावशी, वर टीव्ही नाहीच. फोनही नाही, साहेबांचा फोन खाली चार्जिंगला होता. ती बोलत होती आणि साहेब मधे मधे 'हं, हं' करत होते."

"मग?"

"साहेबांच्या मिसेसचा, रेणूताईंचा फोटो आहे ना हॉलमध्ये, हार घातलेला? मी त्याच्याकडे पाहिलं आणि उलट्या पावली खाली आली. त्यानंतर पाय वर उचललाच नाही. रोज यायचा आवाज. शेवटी नेहमी एकच म्हणायची, 'ठेवते आता.' मग थोड्या वेळाने मशीनची घरघर सुरू व्हायची." तिने पदराने मान पुसली. "मी चारुताताईंना सांगितलं हे. त्या म्हणाल्या, चोर तो चोर वर भुताच्या गोष्टी सांगतो."

खिडकीबाहेर गोठलेला बर्फ, अकरा वाजताचं लख्ख ऊन. तरी शोभनाताईंच्या दंडावर काटा आला.

"त्या गुरुवारी तू लवकर निघालीस."

"दाढ काढायची होती. साहेबांना आदल्या दिवशी विचारलं होतं. दोनला निघाली, दोन पाचची बस घेतली. जाताना साहेब खुशीत होते. म्हणाले, 'जा सावकाश. आज मी दोन्ही बाजू ऐकणार आहे.'"

"कोणाच्या दोन्ही बाजू?"

"घर विकायचं म्हणून भाऊबहिणीचं चाललं होतं ना फोनवर. त्यांच्या, दुसऱ्या कोणाच्या?"

शोभनाताई उठल्या. दारात प्रीताने त्यांचा हात धरला. तिचा तळवा थंडगार होता.

"माझं लायसन गेलं तर मी संपली, मावशी. पण एक सांगा. मी घाबरली म्हणून वर गेली नाही. गेली असती, तर?"

४

ऋषीने भेटायला वडिलांच्याच घरी बोलावलं. शोभनाताई पोहोचल्या तेव्हा तो नुकताच येत होता. त्याने गाडी गॅरेजमध्ये घातली, उतरला, भिंतीवरची जाड केबल काढून गाडीत खुपसली, आणि मग म्हणाला, "या काकू, आत या." केबलकडे त्याचं लक्षही नव्हतं. घरात शिरताना माणूस चपला काढतो तसं त्याने ते केलं.

शोभनाताई क्षणभर गॅरेजमध्येच उभ्या राहिल्या. चार्जरच्या पेटीवर आकडा छापलेला होता. बहात्तरशे वॅट. पंधरा मिनिटांना, पावणेदोन युनिटांच्या जरा वर.

आत हॉलमध्ये रेणूताईंच्या फोटोशेजारी आता डॉक्टरांचा फोटो होता.

"ऑनेस्टली, मला प्रीतावर डाउट नाही," ऋषी म्हणाला. तो चाळिशीतला, डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. "बाबांनीच बंद केलं असणार. वीज वाचवायला. तुमच्या क्लासला जाऊन आल्यापासून सगळीकडे कागद चिकटवले होते, हा टोस्टर इतका, हा दिवा इतका."

ज्याची भीती होती ते वाक्य शेवटी कोणीतरी बोललं होतं. शोभनाताईंनी ते सोसलं, आणि मनातल्या मनात गणित मांडलं. साडेतीनशे वॅट, पाऊण तास. जेमतेम पाव युनिट. फार तर पाच सेंट. काटकसर करणारा माणूस ठरावीक पाऊण तास मशीन बंद करत नाही, शक्य तेवढा वेळ करतो. आणि स्वतः डॉक्टर असलेला माणूस पाच सेंटसाठी श्वास सोडत नाही. डिसेंबरपासून, नव्हे, आज सकाळपासून छातीवर बसलेला दगड थोडा हलला.

"प्लग निघाला असेल, असं नाही वाटत?"

"नो. प्लग निघाला तर ते मशीन ओरडतं. पूर्ण घर जागं होतं. बटनानेच बंद झालं."

"बरीच माहिती आहे तुला मशीनची."

"सगळी सप्लाय मीच बघायचो, काकू. मशीन, नळ्या, सिलिंडर." तो थांबला. "त्यातही गडबड चालू होती. छोटे सिलिंडर बाहेर जाण्यासाठी असतात. बाबा थंडीत घराबाहेर पडत नव्हते, तरी दर गुरुवारी एक रिकामा. मला वाटलं कोणीतरी उडवतंय. म्हणून मी ती डिलिव्हरी…"

"कॅन्सल केलीस?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"तू त्या दिवशी किती वाजता आलास, ऋषी?"

"सहा. सहा वाजता. मग लगेच ॲम्ब्युलन्ससाठी नाइन वन वन."

"मी वरची खोली पाहू?"

५

वरच्या खोलीत दुपारचं ऊन तिरपं पडलं होतं. शोभनाताईंनी घड्याळ पाहिलं नाही, पण अडीचचा सुमार असावा. मशीन होतं तिथे गालिच्यावर चौकोनी खळगा उरला होता. खोली इतकी शांत की स्वतःच्या कानातला आवाज ऐकू यावा.

त्या खुर्चीत बसल्या, डॉक्टर बसत तिथे. मशीनची घरघर त्यांना माहीत होती. कंपनीत असताना असली यंत्रं त्यांनी मोजली होती. जुना फ्रिज आणि दमेकरी माणूस यांच्या मधला तो आवाज. तो थांबला की ही शांतता.

या शांततेत एक बाई बोलायची. रोज. पाऊण तास.

शोभनाताईंचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचे फोटो होते, चष्मा होता, स्वेटर होते. आवाज नव्हता. तो कसा होता हे आता त्यांना आठवत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. या खुर्चीत बसून कोणी आत्ता "शोभना" अशी हाक मारली असती, तर त्या घाबरल्या नसत्या. दार लावून घेतलं असतं.

त्यांनी खुर्चीशेजारचं टेबल पाहिलं. सगळीकडे धुळीचा पातळ थर, मधे वितीएवढी स्वच्छ जागा आणि तिच्या चार कोपऱ्यांना रबरी पायांचे ठसे. मागे भिंतीत एका वायरचा प्लग तसाच होता, वायरचं दुसरं टोक मोकळं लोंबत होतं. त्या टोकाला दोन बारीक भोकं, जुन्या रेडिओला असतात तशी.

पाऊण तास. पंचेचाळीस मिनिटं. शेवटी "ठेवते आता."

आज दोन्ही बाजू ऐकणार आहे.

शोभनाताई ताडकन उठल्या आणि तिथूनच चारुताला फोन लावला. "प्रीताला घेऊन ये. मी तिला कळवते. मी बाबांच्या घरी आहे, ऋषीही इथेच आहे. नाही, तो जाणार नाही. तो खाली बसून माझीच वाट बघतोय."

६

तासाभरात चौघं हॉलमध्ये बसली. चारुता आणि प्रीता खोलीच्या दोन टोकांना.

"प्रीताने मशीन बंद केलं नाही," शोभनाताई म्हणाल्या. "त्या गुरुवारी ती दोन पाचला बसमध्ये होती. मशीन सव्वादोनला बंद झालं. वर डॉक्टर एकटे होते. रोज बंद करायचे तेही डॉक्टरच."

"पण का?" चारुता म्हणाली.

"मशीनच्या घरघरीत ऐकू येत नव्हतं म्हणून. पूर्वी लोक पत्रांऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. तुझे बाबा आधी एकटेच इकडे आले होते, आई मागे राहिली होती ना?"

"मिरजेला. दीड वर्ष. मी दोन वर्षांची होते."

"नव्वद मिनिटांची कॅसेट. एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. प्रीताने ऐकला तो आवाज खराच होता. ती घाबरली, पण खोटं बोलली नाही."

प्रीताने तोंडावर हात धरला.

"म्हणजे बाबा रोज पाऊण तास ऑक्सिजनशिवाय…"

"नाही. ते डॉक्टर होते. मशीन बंद केलं की ते नळी छोट्या सिलिंडरला लावायचे. त्याला आवाज नसतो. असा सिलिंडर साडेपाच तास पुरतो. रोज पाऊण तास, आठवड्याचे सव्वापाच. म्हणून दर गुरुवारी एक रिकामा. कोणी काही उडवत नव्हतं." त्यांनी ऋषीकडे पाहिलं नाही. "त्या गुरुवारी नवीन सिलिंडर यायचा होता. तो आला नाही. जुन्यात फार तर पंधरा मिनिटांचा ऑक्सिजन उरला होता. आणि त्या दिवशी घर रिकामं मिळालं म्हणून त्यांनी दोन्ही बाजू ऐकायच्या ठरवल्या. मधेच डोळा लागला असेल."

चारुता भावाकडे वळली.

"आता ऋषीने सांगायचं," शोभनाताई हळू म्हणाल्या. "सव्वापाचला या घराच्या मीटरवर सात हजार वॅटचा भार चढला. एवढी भूक या घरात एकाच वस्तूला आहे. तुझ्या गाडीला. तू सहाला आला नव्हतास."

ऋषीने दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. मग बोलला ते जवळजवळ कुजबुजत.

"ही वॉज कोल्ड. मी हात लावला तेव्हा बाबा थंड होते. सिलिंडरचा काटा झिरोवर. मी पाहिलं आणि मला कळलं. मीच डिलिव्हरी कॅन्सल केली होती. मीच." त्याने श्वास घेतला. "नळी मशीनला लावली. ऑन केलं. मला माहीत होतं काही उपयोग नाही. पण वाटलं, ऑन असायला पाहिजे. सिलिंडर गाडीत टाकला. आणि टेप… त्याच्यावर आईच्या अक्षरात लिहिलं होतं. ते पोलिसांनी न्यायला नको वाटलं."

"आणि प्रीताचं नाव आलं तेव्हा?" चारुताचा आवाज खोल गेला होता. "मी एजन्सीला फोन करत होते तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास."

"मी नंतर सांगणार होतो. रोज ठरवत होतो."

तो उठून गॅरेजमध्ये गेला आणि एका टॉवेलमध्ये गुंडाळलेला करडा टेपरेकॉर्डर घेऊन आला. कोणी सांगितलं नाही, तरी त्याने तो मधल्या टेबलावर ठेवून प्लग लावला. पट्टी दुसऱ्या बाजूच्या अगदी सुरुवातीला थांबली होती. म्हणजे डॉक्टरांनी ती उलटली होती, फक्त बटन दाबायचं राहिलं होतं. पंधरा मिनिटांचा श्वास संपल्यानंतरही ते पहिली बाजू शेवटपर्यंत ऐकत जागे होते, आणि मशीनकडे न जाता त्यांनी कॅसेट फिरवली होती.

हे शोभनाताईंच्या लक्षात आलं. चारुताच्याही आलं, कारण तिने एकदम त्यांच्याकडे पाहिलं. डोळा लागला असेल हे वाक्य शोभनाताई पुन्हा बोलल्या नाहीत. सिलिंडरच्या काट्याकडे डॉक्टरांची नजर गेली नसेल का, हे ना मीटर सांगू शकत होतं, ना कोणी विचारलं.

ऋषीने बटन दाबलं. खरखर झाली, आणि पंचविशीतली एक मुलगी हॉलमध्ये बोलू लागली. मिरजेत पाणी एक दिवसाआड येतंय. सासूबाईंचा गुडघा बरा आहे. चारूला आता 'बाबा' म्हणता येतं, थांबा, म्हणायला लावते. मग लांबून एका लहान मुलीचं रडणं.

चारुता दोन्ही हातांनी तोंड झाकून वाकली. टेप चालू राहिली. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, खोली ओलांडली आणि प्रीतासमोर जमिनीवर बसली.

"माफ करा मला, प्रीताताई."

प्रीताने तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मधेच खाली घेतला.

"माफीचं नंतर बघू, ताई," ती म्हणाली. "आधी फोन लावा."

चारुताने स्वतःचा फोन उचलला, पण ऋषीने तो तिच्या हातातून घेतला. एजन्सीचा नंबर लागला. त्याने स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आणि पोलिसांनाही आपण हेच सांगणार आहोत म्हणाला. पलीकडून कोणीतरी काहीतरी विचारलं. ऋषी अडखळला. त्याने फोनवर हात धरला आणि प्रीताकडे वळला. दोन महिने या बाईने त्याच्या बापाला अंघोळ घातली होती, भरवलं होतं, रोज पाय चेपले होते.

"त्यांना पूर्ण नाव हवंय," तो खाली मान घालून म्हणाला. "तुमचं आडनाव काय?"

प्रीता सरळ बसली. "वासनिक," ती म्हणाली. "नीट सांगा. एकेक अक्षर सांगा त्यांना."